लिस्बन: नऊ चाळीसच्या अलीकडे आणि पलीकडे

लिस्बनला उतरलेला प्रवासी पहिल्या सकाळी सहसा अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रॅमच्या रांगेत सापडतो. त्याला तिथेच उभं राहू द्या. आपण गावाच्या पूर्वेला, मादरे द देउश या जुन्या मठात जाऊ. राणी लिओनोरने १५०९ साली स्थापन केलेल्या या मठात आता फरशांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. फरशा पायाखालच्या नव्हेत, भिंतीवरच्या. झिलई दिलेल्या, तळहाताएवढ्या चौकोनी, बहुतेक निळ्या-पांढऱ्या. पोर्तुगीज लोक त्यांना 'आझुलेझू' म्हणतात. त्या भाषेत निळ्या रंगाला 'आझुल' म्हणत असल्यामुळे हा शब्द निळाईतून आला असेल असं वाटतं, पण तो मूळचा अरबी. घासून गुळगुळीत केलेला दगड हा त्याचा अर्थ. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरताना भिंतीवर निळ्या फरशांवर रंगवलेले कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कलेची नव्याने ओळख करून द्यायला नको.

या मठात एक चित्र आहे, तेवीस मीटर लांबीचं. साधारण १७०० सालचं. तेजो नदीच्या पात्रातून पाहिलं तर लिस्बन कसं दिसे, ते फरशांवर उतरवलेलं आहे. एका टोकाला उभं राहून ते दिसत नाही, त्याच्या कडेने चालावं लागतं. चालता चालता काठावरचे वाडे, चर्चचे मनोरे, टेकडीवरचा किल्ला, नदीतली गलबतं एकामागून एक येत राहतात. मधोमध, पाण्याला लागून, राजाचा रिबेइरा राजवाडा. त्याच्या अंगणाशीच 'काझा दा इंडिया', म्हणजे भारताच्या व्यापाराची कचेरी, जिथे मिरी आणि दालचिनी उतरे आणि मोजली जाई.

या चित्रातलं मधलं सगळं शहर आज नाही. राजवाडा नाही, कचेरी नाही, त्यामागच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांचं जाळंही नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी साधारण नऊ चाळीसला ते सगळं गेलं. म्हणून लिस्बन पाहण्याची माझी एक साधी पद्धत आहे. समोर जी वास्तू येईल तिला एकच प्रश्न विचारायचा: त्या सकाळी नऊ चाळीसला तू कुठे होतीस? पुस्तकातल्या तारांकित याद्यांपेक्षा या एका प्रश्नाने हे शहर लवकर उलगडतं.

आता नदीकाठी, त्या राजवाड्याच्या जागेवर येऊ. अधिकृत नाव 'प्रासा दु कोमेर्सिउ', व्यापाराचा चौक. गावातली जुनी माणसं मात्र अजून 'तेरेइरु दु पासु' म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं पटांगण. राजवाडा जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली, नाव काही जात नाही. तीन बाजूंनी पिवळ्या भिंतींच्या कमानी, चौथी बाजू मोकळी, थेट पाण्याला. पायऱ्या नदीत उतरतात आणि तिथे पाण्यात दोन खांब उभे आहेत. संध्याकाळी गर्दी तिथे पाय सोडून बसलेली असते.

त्या सकाळी इथे काय झालं हे कळलं की त्या पायऱ्यांवर बसायला थोडं जड जातं. सर्व संतांचा सण होता. चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. धक्के काही मिनिटं चालले आणि दगडी छतं माणसांवर आली. जी वाचली ती मोकळ्या जागेकडे धावली, आणि सर्वात मोठी मोकळी जागा म्हणजे हा नदीकाठ. तिथे पोहोचल्यावर त्यांनी पाहिलं की नदीचं पाणी मागे हटून तळ उघडा पडला आहे. मग ते पाणी लाट होऊन परत आलं, एकदा नव्हे, तीनदा. आणि पडलेल्या घरांतल्या चुली नि मेणबत्त्यांनी जी आग लागली ती पाच-सहा दिवस विझली नाही. मृतांचे अंदाज तीस ते चाळीस हजारांपर्यंत जातात. राजवाड्यातलं सत्तर हजार ग्रंथांचं ग्रंथालय गेलं. त्याच वर्षीच्या वसंतात उघडलेलं राजाचं नवंकोरं ऑपेरागृह सात-आठ महिनेच जगलं.

युरोपभर याचा धक्का बसला. व्हॉल्टेअरने आधी कविता आणि मग १७५९ साली 'कॉंदीद' लिहिली. तरुण कांटने पुढच्याच वर्षी भूकंपाच्या कारणांवर तीन लेख लिहिले. सणाच्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी, देवळं का कोसळावीत? आणि ज्या अल्फामाच्या गल्लीबोळांना सभ्य लोक नावं ठेवत, ती वस्ती बऱ्यापैकी का वाचावी? धर्मगुरूंना याचं उत्तर देताना फार कसरत करावी लागली.

राजा जुझे पहिला वाचला, कारण तो त्या दिवशी सहकुटुंब शहराबाहेर बेलेमला होता. मात्र त्याने दगडी छताची अशी धास्ती घेतली की उरलेलं आयुष्य आजुदाच्या टेकडीवर तंबूंत आणि लाकडी महालात काढलं. लोक त्या महालाला 'शाही बराक' म्हणत. चौकाच्या मध्यभागी १७७५ साली बसवलेला त्याचा घोड्यावरचा पुतळा पाहिला, की ऐटीत बसलेला हा गृहस्थ घरात झोपायला घाबरत होता हे आठवून गंमत वाटते. चौथऱ्याच्या एका अंगाला घोडा आहे आणि दुसऱ्या अंगाला हत्ती. हत्ती का, ते पुढे बेलेमला कळेल.

शहर उभं केलं ते राजाच्या मंत्र्याने. सेबास्तियाऊं जुझे द कार्वाल्यू, पुढे मार्केश द पोम्बाल या पदवीने ओळखला गेलेला. क्रूर माणूस होता. विरोधकांना त्याने जसं चिरडलं ते वाचवत नाही, आणि जेझुइटांना देशाबाहेर काढलं तेही त्यानेच. पण त्याने एक गोष्ट केली जी त्या काळात विरळच होती. देशभरच्या धर्मगुरूंना त्याने प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ टिकला? कुठल्या दिशेने जास्त जाणवला? समुद्र आधी मागे गेला की आधी पुढे आला? किती माणसं मेली, जमिनीला भेगा कुठे पडल्या, विहिरींचं काय झालं? देवाचा कोप झाला का, हा प्रश्न त्यात नव्हता. भूकंपशास्त्राचा इतिहास लिहिणारे बरेच जण या कागदापासून सुरुवात करतात.

त्याच्या हाताखालचा म्हातारा मला जास्त आवडतो. मानुएल दा माया, राज्याचा मुख्य अभियंता, त्या वेळी वय अठ्ठ्याहत्तर. महिनाभरात त्याने अहवाल लिहायला घेतला आणि पाच पर्याय मांडले. होतं तसंच बांधा; रस्ते रुंद करून बांधा; घरं बुटकी करा; सगळं सपाट करून नव्याने आखा; नाहीतर हे शहर सोडून बेलेमला नवं वसवा. चौथा पर्याय निवडला गेला. चौकाच्या मागे जी सरळसोट रस्त्यांची 'बायशा' दिसते ती त्यातूनच आली. सोनारांची गल्ली, चांदीवाल्यांची, चांभारांची, कापडवाल्यांची, खोगीर करणाऱ्यांची अशी रस्त्यांची नावं आहेत. तांबट आळी आणि कासार आळीत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. फरक एवढाच की आपल्या आळ्या धंदा जमेल तसतशा वाकत गेल्या, आणि इथे पट्टी ठेवून आखल्या.

या घरांचं खरं मर्म भिंतीच्या आत आहे आणि ते दिसत नाही. दगड-विटांच्या आत लाकडाचा पिंजरा, आडवे-उभे वासे आणि त्यांना तिरप्या फुल्या. पोर्तुगीजमध्ये त्याचं नावच 'गायोला', पिंजरा. जमीन हलली की दगड पडतील, पण पिंजरा लवचिकपणे झुलेल आणि माणूस आत शाबूत राहील, असा हिशेब. नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून चाचणी घेतली, अशी कथा सांगतात. भूकंपासाठी मुद्दाम आखलेल्या जगातल्या सुरुवातीच्या शहरी बांधकामांत याची गणना होते. रुआ दुश कोर्रेएइरुशवरच्या एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन केलेलं आहे, तिथे पाया भक्कम व्हावा म्हणून ओल्या जमिनीत ठोकलेले पाइनचे खुंट दिसतात, आणि त्यांच्याच शेजारी रोमन काळातली मासे खारवायची टाकी. मासे इथे दोन हजार वर्षं खारवतच आहेत.

बायशातून वर कार्मोच्या टेकडीवर जायला १९०२ सालची लोखंडी सांता जुस्ता लिफ्ट आहे. पंचेचाळीस मीटर उंच, नक्षीदार. बांधली तेव्हा वाफेवर चाले. रांग मोठी असते, आणि मागच्या गल्लीतून पायी दहा मिनिटांत वर पोहोचता येतं. चढ-उतार या गावाच्या पाचवीलाच पुजलेत. त्यांच्यासाठी १९ व्या शतकात रुळांवरच्या कलत्या गाड्या आल्या. त्यातल्या ग्लोरिया गाडीला सप्टेंबर २०२५ मध्ये अपघात होऊन सोळा माणसं गेली.

कार्मोचा मठ १३८९ सालचा. त्याला आपला प्रश्न विचारावाच लागत नाही, उत्तर वर बघितल्यावर दिसतं. छत नाही. कमानींच्या फासळ्या उभ्या आहेत आणि मधून आकाश. खाली गवत आणि जुनी थडगी. यात एक बारकावा आहे. भूकंपानंतर इथे पुनर्बांधणी सुरू झाली होती, म्हणजे डोक्यावरच्या काही कमानी नंतरच्याच आहेत. १८३४ साली देशातले मठ सरकारने बंद केले, काम अर्धवट राहिलं, आणि मग त्या भग्नतेचंच सौंदर्य लोकांना इतकं पटलं की पूर्ण करायचा विचार कोणी केला नाही. आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

मठाबाहेरचा छोटा चौक मात्र थांबून पाहावा असा. जॅकरांडाची झाडं, मधे कारंजं, बाजूला पोलिसदलाची बराक. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालचा हुकूमशहा मार्सेलू कायतानू याच बराकीत लपून बसला होता. बाहेर तरुण कप्तान साल्गेइरु माया चिलखती गाड्या घेऊन उभा, आणि त्याच्याभोवती हजारो लोक, झाडांवर सुद्धा. संध्याकाळपर्यंत सत्ता गेली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत लोकांनी कार्नेशनची फुलं खोचली, त्यावरून या क्रांतीचं नाव पडलं. गोवा १९ डिसेंबर १९६१ला मुक्त झाला, पण लिस्बनच्या सरकारी नकाशात तो पुढेही 'आपला'च राहिला होता. या चौकातला दिवस उजाडला नसता तर ते किती चाललं असतं कोण जाणे. १९७४ सालच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण.

खाली रोसियू चौकात पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. छोटे चौकोनी चुनखडीचे दगड हाताने बसवून केलेली ही फरसबंदी लिस्बनभर आहे. दिसायला देखणी, आणि पावसात साबण लावल्यासारखी निसरडी. गुळगुळीत तळव्याचे बूट इथे आणू नयेत. चौकाच्या उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृह दिसतं, त्या जागी आधी इन्क्विझिशनचं मुख्यालय होतं. १५६० साली गोव्यात जे इन्क्विझिशन सुरू झालं, त्याचं हे माहेर. जवळच साऊं दुमिंगुशचं चर्च आहे. १५०६ साली इथूनच धर्मांतरित ज्यूंची कत्तल सुरू झाली आणि हजारोंच्या घरात माणसं मारली गेली. भूकंपात हे चर्च पडलं, पुन्हा बांधलं, १९५९ साली जळलं. १९९४ साली पुन्हा उघडताना भिंतींवरचे जळल्याचे व्रण लपवायचे नाहीत असं ठरलं. आत गेल्यावर तडकलेले खांब आणि विटकरी रंगाचं छत दिसतं. लिस्बनमधलं मला सर्वात खरं वाटलेलं चर्च हेच. दारातून बाहेर आलं की समोरच्या चिमुकल्या दुकानात आंबट चेरीची दारू घोटभर मिळते, उभ्यानेच प्यायची.

अल्फामाला मात्र घाईने जाऊ नये. नाव अरबी, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं. कातळावर बसलेली वस्ती, म्हणून वाचली. अरबांच्या काळातली गल्ल्यांची वळणं अजून तशीच आहेत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. वरच्या साऊं जोर्ज किल्ल्यावर बसून मोर ओरडतात, आणि तिथून शहर सुरेख दिसतं. किल्ला जुनाच. ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सू एनरिकेश याने तो मूर लोकांकडून घेतला. पण आज दिसणारे नेटके बुरूज आणि चर्या १९३८ ते १९४० दरम्यान हुकूमशहा सालाझारच्या काळात नव्याने घडवलेले आहेत. सह्याद्रीतल्या ढासळलेल्या तटांवर हात ठेवून वाढलेल्या माणसाला त्या तटांचा कोरेपणा लगेच खटकतो.

ट्रॅम याच उतारांवरून जाते. १९३०च्या दशकातल्या लाकडी डब्यांच्या गाड्या, रुळांमधलं अंतर जेमतेम नव्वद सेंटीमीटर. बसा जरूर, पण सकाळी सातला, आणि पाकीट पुढच्या खिशात. अल्फामाच्या कडेला, मशिदीच्या जागेवर ११४७ नंतर उभ्या राहिलेल्या कॅथेड्रलच्या शेजारी, संत अँथनीचं चर्च आहे. पादुआचा म्हणून जो जगभर ओळखला जातो, तो जन्मला इथे. जूनमध्ये त्याचा सण आला की गल्ल्यांत कोळशावर सार्डिन भाजतात, धूर सगळ्या कपड्यांत बसतो, आणि प्रेमात पडलेली माणसं एकमेकांना 'मांजेरिकू'ची कुंडी देतात. हे तुळशीच्या कुळातलं बारीक पानांचं रोप. त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. नाक लावून वास घ्यायचा नाही, रोप मरतं म्हणे. तळहात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. तुळस रोज खुडणाऱ्या आपल्या आज्यांना ही रीत पटली असती.

रात्री इथे फाडू नावाची गाणी गातात. फार सांगत नाही, ते ऐकायचंच असतं. गायिका आमालिया रोद्रिगेशचं नाव मात्र लक्षात ठेवावं. १९९९ साली ती गेली आणि नंतर तिला सांता एन्ग्रासियाच्या राष्ट्रीय समाधिमंदिरात आणलं. या पांढऱ्या घुमटाला आपला प्रश्न विचारला तर तो म्हणेल, "त्या सकाळी माझ्यावर छप्परच नव्हतं." १६८२ साली सुरू झालेलं बांधकाम १९६६ साली पुरं झालं. आपल्याकडे लांबत जाणाऱ्या कामाला मारुतीचं शेपूट म्हणतात, पोर्तुगीज माणूस 'सांता एन्ग्रासियाचं काम' म्हणतो.

त्याच्याजवळच साऊं व्हिसेंत द फोरा हा मठ आहे, आणि मुंबईकराने तिथे जायला हवंच. आत ब्रागांझा घराण्याची दफनभूमी आहे, आणि तिथे कॅथरीन आहे. १६६१च्या करारात मुंबई बेटं जिच्या हुंड्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली, ती. नवऱ्याच्या राज्यात ती रमली नाही. तो वारल्यावर काही वर्षांनी माहेरी परतली आणि १७०५ साली लिस्बनमध्येच वारली. चार्ल्सने तर १६६८ सालीच मुंबई कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली होती. याच मठात ला फोंतेनच्या बोधकथांच्या निळ्या फरशा आहेत. ला फोंतेनने आपल्या कथांतल्या काहींसाठी 'पिल्पे' या भारतीय ऋषीचं ऋण मान्य केलं होतं. पिल्पे म्हणजे पंचतंत्र युरोपात ज्याच्या नावावर पोहोचलं तो बिदपाई. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मठामागच्या पटांगणात जुना बाजार भरतो. नाव 'चोरणीचा बाजार', घासाघीस करायला हरकत नाही.

खाली नदीकडे उतरताना एक विचित्र घर लागतं. दर्शनी भिंतीवर हजाराच्या वर टोकदार दगड, हिऱ्यासारखे कापलेले. 'काझा दुश बिकुश', टोकांचं घर. १५२३ साली ते ब्राश द अल्बुकर्कने बांधलं. ब्राश हा अफोन्सू द अल्बुकर्कचा मुलगा, आणि अफोन्सू म्हणजे १५१० साली गोवा जिंकणारा गव्हर्नर. बाप गोव्याच्या बंदरात जहाजावर वारला, मुलाने त्याच्या पत्रांवरून त्याचं चरित्र लिहिलं. घराचे वरचे दोन मजले १७५५ साली पडले. ते १९८०च्या दशकात परत चढवले, आणि त्यांची धाटणी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, नीट पाहिलं तर सांधा दिसतो. आता इथे नोबेल विजेत्या जुझे सारामागूचं प्रतिष्ठान आहे. दारासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याच्या अस्थी आहेत.

आता बेलेम. नदीकाठाने पश्चिमेला सहा-सात किलोमीटर. भूकंपाने या भागाला फारसं दुखावलं नाही, म्हणूनच १६ व्या शतकातलं लिस्बन बघायचं तर इथेच.

जेरोनिमोस मठ बांधायला घेतला राजा मानुएलने, वास्को द गामा भारताचा रस्ता शोधून परत आल्यावर. जुलै १४९७ मध्ये गामा याच किनाऱ्यावरून निघाला होता. मठाला पैसा कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावर साधारण पाच टक्क्यांचा कर बसवला होता, त्यातून वर्षाला सत्तर किलो सोन्याइतकं उत्पन्न येई. या कराला लोक 'मिरीचा विसावा भाग' म्हणत. त्यातला विनोद असा की मिरी, दालचिनी आणि लवंग या मालावर तो कर नव्हताच. त्यांचं उत्पन्न सरळ राजाच्या तिजोरीत जाई. म्हणजे मलबारच्या वेलीवरची मिरी राजाने स्वतःकडे ठेवली आणि उरलेल्या किरकोळीतून हे सगळं उभं केलं!

हे 'सगळं' काय आहे ते आत गेल्यावर कळतं. खांब ताडासारखे वर जाऊन फांद्या फुटल्यासारखे छताला भिडतात. दगडात पिळलेले दोर, गाठी, पोवळी, समुद्री वेली. दर्यावर्दी माणसांनी गॉथिक शैलीला जहाजावर चढवलं, तिलाच 'मानुएलिन' म्हणतात. वेदीजवळच्या राजेरजवाड्यांच्या थडग्यांना संगमरवरी हत्तींनी खांदा दिला आहे. पुतळ्याखालचा तो हत्ती आठवतोय ना? १६ व्या शतकातल्या लिस्बनला भारताहून खरेखुरे हत्ती येत होते, आणि राजाच्या मिरवणुकीत चालत होते.

दारातच दोन थडगी समोरासमोर आहेत. एक गामाचं, दुसरं कामोंइशचं. गामा १५२४ साली कोचीत वारला, तिथेच पुरला गेला, काही वर्षांनी त्याला मायदेशी आणलं, आणि इथे तो १९ व्या शतकात पोहोचला. त्या गामाच्या सफरीवर महाकाव्य लिहिणारा कामोंइश काही वर्षं गोव्यात राहिला होता. तो १५८० साली लिस्बनमध्ये गरिबीत वारला. ज्या चर्चमध्ये त्याला पुरलं त्याची १७५५ साली पडझड झाली. पुढे शोधून काढलेली हाडं त्याचीच का, यावर पैज लावू नये. त्या देखण्या थडग्यात जो कोणी असेल त्याला कवीचा मान मिळतो आहे.

बेलेमचा बुरूज पाण्यात उभा आहे. १५१४ ते १५१९ या काळातला, गावाच्या दारावरचा चौकीदार. सगळे त्याचा समोरून फोटो काढतात. तुम्ही कोपऱ्यावरच्या गोल टेहळणी मनोऱ्यांच्या तळाशी पाहा. तिथे एका ठिकाणी वाऱ्या-पाण्याने झिजलेलं एक डोकं आहे. गेंड्याचं. गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुझफ्फरने दीवला किल्ला बांधायची परवानगी नाकारली आणि सांत्वन म्हणून अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कला तो सांभाळणं नको झालं, त्याने राजाकडे पाठवला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेलं जहाज २० मेला इथे लागलं. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. लिस्बनवाले त्याला 'गांडा' म्हणत. शब्द आपलाच, जहाजात प्राण्याबरोबर आला. राजाने जूनमध्ये त्याची आणि हत्तीची झुंज लावली. गेंडा पुढे सरकला आणि हत्ती पळाला. मग राजाने त्याला पोपकडे धाडलं, आणि इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडालं. साखळदंडाने बांधलेला प्राणी वाचणं शक्य नव्हतं. पण एव्हाना लिस्बनहून गेलेल्या एका पत्रावरून आणि रेखाटनावरून न्युरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने, तो न पाहताच, त्याचं लाकडी ठशाचं चित्र छापलं होतं. अंगावर चिलखताचे पत्रे, पाठीवर आणखी एक छोटं शिंग. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपातली मुलं गेंडा म्हणून तेच बघत आली.

जवळचं शोधपर्वाचं स्मारक मी पाच मिनिटांत आटपतो. जहाजाच्या नाळेच्या आकाराचा दगडी सुळका, त्यावर तेहतीस पुतळे, सगळे समुद्राकडे झेपावलेले. त्यात बाई एकच. १९४० साली प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलेलं ते १९६० साली कायमचं बांधलं. सालाझारच्या साम्राज्याची ही जाहिरात पक्क्या दगडात उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा गेला.

त्यापेक्षा मठाशेजारच्या दुकानात बसा. १८३४ साली मठ बंद पडला आणि १८३७ पासून मठातली अंड्याच्या पिवळ्या बलकाची टार्ट इथे विकली जाऊ लागली. मठांमधल्या जोगिणी कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, मग पिवळ्याचं करायचं काय, यातून पोर्तुगालच्या निम्म्या मिठाया जन्मल्या. गोव्याची बिबिंकाही त्याच कुळातली. टार्टवर दालचिनीची पूड स्वतः भुरभुरायची. खाद्ययादी वाचताना आपल्याला भाषा येत नाही असं वाटणं हळूहळू कमी होतं: बटाटा, पाव, काजू, अननस तिथेच असतात, आणि किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाटीवर 'शाव्हीश' लिहिलेलं, म्हणजे आपली चावी. यादीतला बाकालयाउ म्हणजे सुकवलेला कॉड मासा मात्र पहिल्या घासाला सगळ्यांना रुचत नाही. संध्याकाळी मार्तिं मुनीश चौकाच्या आसपास गेलात तर मसाल्याची दुकानं आणि चपाती सापडेल. गावाचे एके काळचे महापौर आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेले आंतोनिओ कोश्ता मडगावच्या कुळातले. घरचं लाडकं नाव 'बाबुश'.

शेवटचं ठिकाण पर्यटकांच्या यादीत नसतं. विद्यापीठाच्या भागात, १९९० पासून एका भक्कम आधुनिक इमारतीत, राष्ट्रीय दफ्तरखाना आहे. नाव 'तोर्रे दु तोंबु', नोंदींचा मनोरा. तो खरोखरच किल्ल्यावरच्या मनोऱ्यात होता, आणि १७५५ साली त्या सकाळी तो मनोरा कोसळला. दफ्तराचा प्रमुख कोण होता? तोच मानुएल दा माया. शहराचे पाच पर्याय मांडण्याआधी या म्हाताऱ्याने ढिगाऱ्यातून कागद उपसायला लावले आणि किल्ल्याच्या पटांगणात लाकडी खोपट बांधून त्यात ठेवले. पोम्बालच्या प्रश्नावलीला आलेली उत्तरंही आज इथेच आहेत.

नदीकाठच्या काझा दा इंडियाचं दफ्तर मात्र त्या दिवशी पूर्ण नष्ट झालं. किती जहाजं आली, किती मिरी उतरली, कोणाला किती दिलं, तो सगळा हिशेब. पण तोर्रे दु तोंबुमध्ये 'लिव्ह्रुश दाश मोंसोंइश' नावाची बाडं आहेत, मोसमाची पुस्तकं. लिस्बन आणि गोव्याची पत्रं मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या जहाजांतून जात, म्हणून हे नाव; 'मोंसाऊं' आणि आपला 'मोसम' हे एकाच अरबी शब्दाचे दोन उच्चार. यातली बहुतेक बाडं गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि मराठेशाहीच्या अभ्यासकांनी तिथे ती चाळली आहेत. काही बाडं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनला मागवून घेतली. त्यांना आपला प्रश्न विचारून पाहा. १ नोव्हेंबर १७५५च्या सकाळी ती गोव्यात होती.